सोळा आणे वास

माझी बायको सुभद्रा दारू पीत नव्हती. हे आधी सांगतो, कारण ती पीत होती असे आमच्या वस्तीत पहिल्यांदा मीच सांगितले होते. नुसते सांगितले नव्हते, विहाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिले होते. अक्षर माझेच होते.

माझे नाव रुपराव. नागपुरात एका मिलमध्ये मी एकतीस वर्षे सायझिंग खात्यात काम केले. विणायच्या आधी सुताला खळ लावतात, ते हे खाते. खळ मोठ्या कढईत शिजते आणि उन्हाळ्यात लवकर आंबते. आंबलेली खळ सुताला लागली की सगळा माल वाया जातो. खळ आंबायला लागली की दुसऱ्यांना कळायच्या आधी मला वासावरून कळायचे. मुकादम मला हाक मारून कढईवर वाकायला लावायचा. मी टाका म्हटले की टाकायची, चालेल म्हटले की चालायची. वस्तीतले निम्मे लोक त्याच मिलमध्ये होते, त्यामुळे माझे नाक सगळ्यांना माहीत होते.

१९५६ साली आमच्या वस्तीने दीक्षा घेतली. दारू सोडायची हे त्यात आलेच. पाचवे शील सगळे मोठ्याने म्हणत, पण पगाराच्या दिवशी काहींचे पाय नाल्यापलीकडच्या भट्टीकडे वळत. माझा बाप त्याच भट्टीच्या मोहाच्या दारूने मेला होता. सुभद्राने आणि पाच-सहा बायांनी एकदा दिवसाढवळ्या जाऊन ती भट्टी फोडली. उकळते रसायन सुभद्राच्या हातावर उडाले. तो डाग कोपरापर्यंत शेवटपर्यंत होता. भट्टी पंधरा दिवसांत थोडी पुढे सरकून पुन्हा लागली.

मग पंचांनी नियम केला. दर रविवारी वंदनेच्या आधी मी विहाराच्या पायरीवर उभे राहायचे. आत जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाने माझ्यासमोर तोंड उघडून ‘हा’ करायचे. वास आला तर त्याने आत बसायचे नाही, पायरीवर बसायचे, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याचे नाव फळ्यावर राहायचे. शिक्षा एवढीच. कुणीतरी म्हणाले होते की अशा माणसाचे पाणी बंद करा. तेव्हा नत्थूजी उठले. ते पंचांत सर्वांत वडील. पाणी बंद करणे काय असते ते आपल्या बापजाद्यांना विचारा, एवढेच म्हणाले आणि बसले. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी एक वही ठेवली. तारीख, नाव, आणि वास किती ते. वास मोजायला माझ्याकडे माप नव्हते, म्हणून मी आण्यांत मोजायचो. चार आणे म्हणजे काल प्यालेला. आठ आणे म्हणजे सकाळी घोटभर घेतलेला. बारा आण्यांच्या माणसाचे पाय लटपटायचे. सोळा आणे वास क्वचित यायचा. त्यापुढे शेरा लिहायचो: ‘शिळी’, ‘पाणी घातलेली’, ‘पहिल्या धारेची’. भट्टीतून पहिल्यांदा पडते ती धार सगळ्यांत कडक असते आणि तिचा वास स्वच्छ असतो.

लोक चिडवायचे. एक जण दर आठवड्याला म्हणायचा, “रुपराव, आज कांदा खाल्ला गा. दोन आणे लिवून घे.” मी हसायचो नाही. मला ते काम आवडत होते. मिलमध्ये मी साधा कामगार होतो, पण पायरीवर मुकादमसुद्धा माझ्यासमोर तोंड उघडत होता. पहिली फुंकर नाकावर आली की मी तोंड फिरवायचो आणि हाताने खूण करायचो, आत किंवा बाहेर. पुढची फुंकर घ्यायची मला कधी गरज वाटली नाही.

१९६३ साली देवाजी सलग तीन रविवार सापडला. देवाजी संत्रा मार्केटमध्ये हमाली करायचा. गडी चांगला दणकट होता, पण त्या हिवाळ्यात वाळत चालला होता. मी वहीत पहिल्या रविवारी सहा आणे लिहिले, मग दहा, मग चौदा. तिन्ही वेळा शेरा ‘पहिल्या धारेची’. तिसऱ्या वेळी त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, आज चहासुद्धा घेतला नाही. मी हात सोडवून घेतला. खोटे बोलणारे सगळे चहाचेच नाव सांगतात, असे मी लोकांना ऐकू जाईल असे म्हणालो. लोक हसले. देवाजी पायरीवर बसला.

चौथ्या रविवारी तो आला नाही. त्याची बायको बायजाबाई आली. घरी बसून बिड्या वळायची ती. मूलबाळ नव्हते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली की तो मटकेच्या मटके पाणी पितो आणि तरी अजून मागतो, काय करू. मी सांगितले, पाणी देऊ नकोस, उतरलेली दारू पाण्याने पुन्हा चढते. हे मी माझ्या बापाच्या घरी शिकलो होतो. तिने माझे ऐकले. देवाजी बुधवारी मेला. दारूने मेला असे सगळे म्हणाले. बायजाबाईने त्याचा फोटो कधी भिंतीवर लावला नाही. दारुड्याले काय हार घालू, म्हणायची.

आता सुभद्राचे सांगतो.

१९७१ च्या पौषात ती भिवापूरला भावाकडे मिरचीच्या तोडणीला गेली. दरवर्षी जायची. महिनाभराने परत आली तेव्हा पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या होत्या. सारखी तहान म्हणायची, सारखी बाहेर जायची. मी म्हटले मिरचीची उष्णता आहे, ताक पी. ती ताक प्यायची, त्यावर पाणी प्यायची, आणि म्हणायची, तोंड तरी कोरडंच.

एका सकाळी तिने मला चहाचा कप दिला आणि वाकली. मला वास आला. गोड वास, मोहासारखा. चार आणे.

तिचा भाऊ पितो हे मला माहीत होते. तोडणीच्या वेळी तिकडच्या बायाही संध्याकाळी घोट घेतात, असे मी ऐकून होतो. मिलमध्ये गेलो, दिवसभर कढईवर उभा राहिलो. घरी आल्यावर वही काढली आणि तिचे नाव लिहिले. विहारात बायांचा वास घ्यायचा नियम नव्हता. हा मी माझ्या घरापुरता केला. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिच्याजवळ जायचो आणि वास घ्यायचो. पाच आणे, सहा, आठ. शेरा ‘पहिल्या धारेची’. बाटली सापडली नाही. पत्र्याची पेटी, धान्याची कोठी, छप्पर, सगळे धुंडाळले. सापडत नाही म्हणजे लपवण्यात हुशार झाली आहे, असे मी धरले.

आठव्या दिवशी मी तिला तोंडावर विचारले. ती हसली. तिला वाटले मी थट्टा करतो. मग मी वही दाखवली. तिला वाचता येत नव्हते, पण आमची पोरगी सिंधू तिथेच होती, ती मॅट्रिकला होती. तिने वाचले. सुभद्राने हातावरचा डाग माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, हे विसरले का तुमी. मी म्हटले, माझ्या बापानेही शपथा घेतल्या होत्या.

नवव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखते म्हणाली. उभी राहिली की भिंत धरायची. बारा आणे. सिंधू म्हणाली डॉक्टरला आणू. मी म्हटले याला डॉक्टर लागत नाही, लाज लागते. आणि मटका उचलून ओट्यावर आणला आणि त्याच्याजवळ बाज टाकून बसलो. पाण्याने चढते, हे मी सिंधूला समजावून सांगितले. ती दोनदा लोटा घेऊन आली, दोन्ही वेळा मी तिला परत पाठवले. दुसऱ्यांदा तिने लोटा माझ्या पायावर आपटला. त्याचा वण अजून आहे.

दहावा दिवस रविवार होता. सकाळी सुभद्रा दारापर्यंत सरकत आली. चौकटीला डोके टेकून बसली. ओठांना चिरा पडल्या होत्या. मी वाकून वास घेतला. पंधरा आणे. दारू न दिसता रात्रभरात वास वाढतो कसा, हा विचार माझ्या डोक्यात आला होता. आला नव्हता असे मी म्हणणार नाही. पण तो मी पुढे नेला नाही. मी म्हटले, “कबूल कर. मंग देतो पाणी.”

ती म्हणाली, “कायचं कबूल करू?”

“पेली म्हण.”

ती बराच वेळ मटक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पेली. फळ्यावर नाव लिवा माह्यं, मोठं लिवा. आता द्या.”

मी लोटा भरून दिला. तिने तो एका श्वासात संपवला आणि लगेच ओकली. मी दुसरा दिला नाही. कपडे बदलून विहारात गेलो, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले: सुभद्रा रुपराव. नत्थूजींनी खात्री आहे का असे विचारले. भट्टी फोडणाऱ्या बायांपैकी दोघी म्हणाल्या, हे होणारच नाही. मी म्हटले तिने स्वतः कबूल केले आहे. त्यावर कुणी काय बोलणार. सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. आपल्या बायकोचेही नाव लिहिणारा माणूस, असे ते बघणे होते. त्या वेळी मला ते बरे वाटले.

सोमवारी सकाळी ती हाक मारली तरी डोळे उघडेना. श्वास मात्र खोल आणि जोरात चालला होता, मैलभर पळून आल्यासारखा. घरभर तो गोड वास होता. मी वहीत सोळा आणे लिहिले आणि पहिल्या पाळीला गेलो.

दहा वाजता सिंधू मिलच्या गेटवर आली. शेजाऱ्यांनी सायकलरिक्षात घालून सुभद्राला मोठ्या दवाखान्यात नेले होते. मी पोचलो तेव्हा ती खाटेवर होती आणि एक तरुण डॉक्टर तिच्या तोंडावर वाकून वास घेत होता. जसा मी घ्यायचो तसाच. फक्त त्याने तोंड फिरवले नाही. तीन-चार श्वास तसाच वाकून राहिला. मग नर्सला म्हणाला, “साखर वाढली आहे. इन्शुलिन आणा, लवकर.”

त्याचे नाव श्रीधर. त्याने मला विचारले, हा वास किती दिवसांपासून येतो. मी सांगितले अकरा. त्याला वाटले मी अंदाजे सांगतो. मी खिशातून वही काढून दिली. तो उभ्या उभ्या ती वाचत होता, मधून मधून माझ्याकडे बघत होता. मी म्हटले, तिने दारू घेतली आहे साहेब. तो म्हणाला, “हिच्या पोटात दोन दिवसांत पाणीसुद्धा गेलेलं नाही, दारू कुठून जाईल?”

सुभद्रा दुपारी तीनला गेली. शुद्धीवर आली नाही.

श्रीधर डॉक्टर कडक माणूस होता, पण खोटे बोलणारा नव्हता. मी विचारले ते त्याने सांगितले. शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळते, आणि त्यातून ॲसिटोन नावाचा पदार्थ तयार होऊन श्वासातून बाहेर पडतो. त्याचा वास गोड असतो. माणूस ओकतो, झुलतो, बरळतो. मी विचारले, पाणी दिले असते तर. तो म्हणाला नुसत्या पाण्याने वाचली नसती, पण आणखी एक-दोन दिवस टिकली असती. आणि वहीत आठ आणे लिहिले त्या दिवशी आणली असती, तर चालत घरी गेली असती.

अंत्यविधी झाला. सिंधू माझ्याशी बोलली नाही. तेराव्या दिवशी पेटी भरून मामाकडे भिवापूरला निघाली. जाताना एवढेच म्हणाली, “बाबा, जसं लिवलं तसं सगळ्यांसमोर पुसा. तवाच येईन मी.”

फळा त्या आठवड्यात कुणीतरी पुसला होता. पण ती म्हणत होती ते पुसणे वेगळे होते.

वस्तीत काही लोकांना वाटत होते की डॉक्टरने माझी समजूत घातली असेल. मेलेल्या बाईबद्दल कोण वाईट सांगतो. म्हणून मला कागद हवा होता. मी श्रीधर डॉक्टरकडे गेलो आणि म्हटले, ती दारू पीत नव्हती असे लिहून द्या, मराठीत. तो लिहून द्यायला तयार होता. पण त्याला माझ्याकडूनही काही हवे होते.

तो श्वासातला ॲसिटोन मोजायची खटपट करत होता. दवाखान्याच्या मागच्या एका खोलीत त्याने मांडामांड केली होती. रोग्याने रबरी पिशवीत श्वास भरायचा, तो श्वास बर्फात ठेवलेल्या पाण्यातून हळूहळू सोडायचा, मग त्या पाण्यात औषध घालायचे. पाण्याला रंग चढायचा. जेवढा ॲसिटोन जास्त, तेवढा रंग गडद. शेजारी लाकडी घोडीत आठ काचनळ्या ओळीने होत्या, फिकटपासून लालभडकपर्यंत. त्यांच्याशी रंग ताडून बघायचा. सुई न टोचता, रक्त न काढता रोग कळावा, गावोगावच्या लोकांना परवडावे, असे त्याला वाटत होते. चांगले काम होते ते, यात शंका नाही. त्याला माझे नाक नळ्यांशी ताडून बघायचे होते. आठ शनिवार या, मग कागद देतो, म्हणाला.

मी गेलो. सकाळची पाळी संपवून शनिवारी दुपारी वॉर्डात फिरायचो. रोगी माझ्यासमोर तोंड उघडून ‘हा’ करायचे. मी आणे सांगायचो, तो लिहायचा, आणि मग पिशवीची नळी बघायचा. बहुतेक वेळा जमायचे. सोळा आणे म्हणजे सातवी नळी. तो खूश झाला की म्हणायचा, रुपरावजी, तुमचं नाक नळीपेक्षा स्वस्त आहे. सुभद्राचे अकरा दिवस त्याने चौकटीच्या कागदावर उतरवले होते. चार, पाच, सहा, आठ, अशी रेघ चढत गेली होती आणि टोकाला एक ठिपका. तो म्हणाला, औषध न देता रोज मोजलेला रोगी जगात कुणाला मिळत नाही, हे आम्ही करू शकत नाही, कुणी करू देणार नाही. कौतुकाने म्हणाला. डॉक्टरांच्या सभेत तो कागद दाखवणार होता. त्यावर लिहिले होते: एक स्त्री, वय चाळीस. मी म्हटले नाव लिहा. तो म्हणाला तशी रीत नाही.

चौथ्या शनिवारी त्याने एका खऱ्या दारुड्याला बसवले आणि त्याच्या शेजारी एका साखरेच्या रोग्याला. दोघांचे वास पूर्ण घ्या, म्हणाला, पहिली फुंकर घेऊन तोंड फिरवू नका. तेव्हा मला कळले. मोहाच्या वासाखाली आंबूस वास असतो, आमच्या आंबलेल्या खळीसारखा. तो श्वासाच्या शेवटाला येतो. दुसऱ्याच्या श्वासाला आंबूस वास नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच गोड, स्वच्छ, नाकाला टोचणारा वास. आंबलेले ओळखणे हे तर माझे पोटाचे काम होते. एकतीस वर्षे मी तेच केले. सुभद्राच्या तोंडाशी आणखी एक श्वास थांबलो असतो तर मला कळले असते.

आणि मग मला देवाजी आठवला.

घरी येऊन मी १९६३ ची वही काढली. सहा, दहा, चौदा. तीन वेळा ‘पहिल्या धारेची’. वाळत चाललेला गडी. मटकेच्या मटके पाणी. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बसलो. अक्षर एकच, शेरा एकच.

आठ शनिवार भरले, कागद मिळाला. तीन ओळींचा, खाली सही-शिक्का. मी नत्थूजींना दाखवला आणि देवाजीचेही सांगितले. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, सुभद्राचा कागद वाचून दाखव, ते झालेच पाहिजे. देवाजीचे काढू नकोस. दोन चुका निघाल्या की तू लिहिलेले प्रत्येक नाव खोटे ठरेल, आणि भट्टीवाले तीच वाट बघताहेत. आठ वर्षे झाली त्याला, म्हणाले, आता कुणाला काय फरक पडतो.

मला वाटले फरक पडतो. बायजाबाईला पडतो. आपला नवरा दारुडा नव्हता हे तिला कळले पाहिजे, असे मला वाटले. मी तिचे भले करायला निघालो आहे, असेच मला वाटत होते.

रविवारी सकाळी वंदनेच्या आधी मी तिच्या घरी गेलो. ती दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. मी जयभीम घातला आणि उभ्यानेच सगळे सांगितले. वास, साखर, नळ्या, वही. तिचे हात थांबले नाहीत. पान कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायची. माझे संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला.

“मंग त्याले पाणी पायजे होतं?”

मी म्हटले, हो.

“कितीक?”

मी म्हटले, मागेल तितके.

तेव्हा तिचे हात थांबले. ती म्हणाली, “मंगळवारच्या रोजी त्यानं नालीतलं पेलं. पोटावर सरपटत गेला अन् नालीतलं पेलं. मी पाहून राहिली होती. म्या म्हटलं, पे, दारुड्याची तीच जागा हाये.”

सुपातला तंबाखू वाऱ्याने उडत होता, ती तो आवरत नव्हती.

“तूच सांगतलं होतं गा, पाणी नको देऊ म्हणून. म्या तुह्यं ऐकलं. आठ वर्षं झाले, मी सुखानं झोपतो. आता तू आला सांगाले. काहून सांगतलं मले?”

मी म्हटले, विहारात सांगायचे आहे, त्याचे नाव साफ करायचे आहे.

ती म्हणाली, “तुह्या बायकोचं कर साफ. माह्यावाल्याचं नको करू. तो दारुड्याच राहू दे. तो दारुड्या असन तर मी बरोबर हावो. समजलं का?”

मी विहारात गेलो. सिंधूला मी पत्र टाकले होते, ती मामाबरोबर आली होती, बायांमध्ये मागे बसली होती. बायजाबाईही आली, भिंतीला टेकून बसली. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. कागद वाचला. मग म्हणालो की सुभद्राने पाण्यासाठी कबूल केले होते, मी पाणी अडवून तिच्याकडून वदवून घेतले. हे कागदात नव्हते, ते मी माझे सांगितले. नत्थूजींनी मान खाली घातली. भट्टी फोडणाऱ्या बायांपैकी एक उठली, बाहेर गेली, आणि रिकामाच फळा ओल्या फडक्याने पुन्हा पुसून आली.

मी खाली बसणार, तेवढ्यात तो कांद्याची थट्टा करणारा उभा राहिला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. म्हणाला, रुपराव, देवाजीही असाच वाळला होता. तोही पाणी पाणी करत होता. त्याचं काय?

सगळे माझ्याकडे बघत होते. सिंधूही. दोन्ही वह्या माझ्या पिशवीत होत्या. मी बायजाबाईकडे पाहिले नाही, तरी ती उठली हे मला कळले.

“तो पेत होता,” ती म्हणाली. “म्या माह्या डोयानं पायलं हाये. इच्यारा यायले.”

नत्थूजींनी मला विचारले. नियमाप्रमाणे विचारले, रुपराव, तुमची वही काय म्हणते?

मी म्हणालो, “पेत होता. पहिल्या धारेची.”

तो माणूस बसला. लोक उठले. बाहेर पडताना बायजाबाई पायरीवर थांबली. मी नेहमी उभा राहायचो त्याच जागी. मी जवळ आलो तशी हळूच म्हणाली, “हा कर.” मी केला नाही. ती म्हणाली, “नको करू. याचा वास येत नाही,” आणि निघून गेली.

त्या दिवसापासून मी पायरीवर उभा राहिलो नाही. नियमही हळूहळू मोडला. सिंधू घरी आली. तिने संध्याकाळी भात टाकला, आणि ताट वाढायच्या आधी पाण्याचा लोटा भरून माझ्यासमोर आपटला. मी पाणी प्यालो. ती मी पिऊन संपवेपर्यंत उभी होती. पुढे दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. ती येते, बोलते, पण घरात शिरली की आधी मटका भरला आहे का ते बघते.

बायजाबाई त्यानंतर बारा वर्षे जगली. रस्त्यात भेटली तर माझ्याकडे बघायची नाही. मागच्या पौषात वारली. तिच्या मागे कुणी नाही. घर आवरायला गेलेल्या बायांना पेटीच्या तळाशी देवाजीचा फोटो सापडला. फडक्यात गुंडाळलेला होता, काच फुटलेली. त्याचे काय करायचे ते कुणाला कळेना, म्हणून त्या माझ्याकडे घेऊन आल्या.

आता सांगितल्याने कुणाचे काही बिघडत नाही. देवाजी दारू पीत नव्हता.